ओढलेली दोरी

“…पर त्यालाच का, बाबा?”

खेमाजीनं हे अंगणाच्या कडेला उभ्यानंच विचारलं. राम राम नाही, पायांवर डोकं नाही. घरून निघाल्यापासून हा एकच प्रश्न तोंडात घोळवत तो टेकडी चढला होता. दारात पोचल्यावर त्याला तो गिळवेना.

सटवाबाबा अंगणात बसून एका दोरीला मेण लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुनाला रं?”

“बुधाला.”

“काय बुधाला?”

“कळ, बाबा. कळ! काल चावडीवर समद्यांम्होरं बोललात न्हवं? येत्या पुनवंला कळ बुधाच्या गळ्यात घालनार म्हून?”

“व्हय. बोललो.”

“मंग… त्यालाच का?”

बाबांनी मेणाचा गोळा उलटा केला आणि पुन्हा दोरीवरून फिरवला. टोकापासून टोकापर्यंत. घाई नाही.

“बस,” ते म्हणाले.

खेमाजी बसला नाही.

ही गोष्ट बंदुका यायच्या आधीची आहे. सागदरा नावाची वीस-बावीस घरांची वस्ती होती. तिथले लोक आडव्या धनुष्यानं हरणाची शिकार करत. लाकडी दांड्याच्या टोकाला धामणीच्या लाकडाचं धनुष्य आडवं बसवायचं, दोरी दोन्ही हातांनी ओढून दांड्यावरच्या खाचेत अडकवायची, पुढं बाण ठेवायचा आणि खालची कळ दाबायची. वस्तीच्या पहिल्या धनुष्याची कळ शिंगाची होती. ते धनुष्य कधीच मोडून गेलं, पण कळ राहिली. लाल दोऱ्यात ओवून ती एका माणसाच्या गळ्यात असायची. कुणी रानात जायचं, कुणी घरी बसायचं, कुठला कळप यंदा सोडायचा, हे तो माणूस सांगायचा आणि सगळे मुकाट्यानं ऐकायचे.

तीस वर्षं तो माणूस म्हणजे सटवाबाबा. त्यांच्याकडेही कळ सरळ चालत आलेली नव्हती. त्यांच्या गुरूनं ती आधी अंतोबाला दिली होती. अंतोबा दोन वर्षांत तापानं गेला, तेव्हा ती बाबांकडे आली. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

खेमाजी बाबांकडे बारा वर्षं होता. बुधा तीन.

बारा वर्षं खेमाजीनं त्या लाल दोऱ्याकडे बघून काढली होती. आता कळ हातात यायची, ती पोटात आली. ज्याला ही कळ कधीच आलेली नाही त्यानं खुशाल हसावं. मी हसत नाही. मला माहीत आहे ती कुठून निघते आणि कुठवर जाते.

“बाबा, माझा नेम चुकला का कवा?” खेमाजीनं विचारलं.

“न्हाई.”

“हरनं कुनी जास्त आनली? मी का त्यानं?”

“तू.”

“पावलांचा माग कुनाला चांगला कळतो? पाचोळ्यावरचा?”

“तुला.”

“मंग बुधाला काय येतं? शेळ्या राखनारं पोर. आलं तवा त्याला दोरी ओढता येत नव्हती. मी शिकवली! माझ्या हातानं शिकवली, बाबा. त्याची बोटं सोलली तवा मी पाला चोळून लावला.”

“बरं केलंस.”

“आन् आता त्यानं मला सांगायचं? खेमाजी, आज रानात जा… खेमाजी, आज घरी बस?”

आवाज फाटला. ते त्याचं त्यालाच आवडलं नाही.

बाबांनी आता मात्र वर पाहिलं. आधी त्याच्या तोंडाकडे. मग त्याच्या हातातल्या धनुष्याकडे. तिथं त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

“ही दोरी कुनाची हाय, ठावं हाय?” मेणाची दोरी उचलून त्यांनी विचारलं.

खेमाजीला ठाऊक होतं. आल्या आल्या त्यानं ते पाहिलं होतं. शेजारच्या सपाट दगडावर दोरी उतरवलेलं धनुष्य ठेवलं होतं आणि त्याच्या मुठीला बुधानं गुंडाळलेली निळी चिंधी होती. बारा वर्षांत बाबांनी खेमाजीच्या दोरीला मेण लावलं नव्हतं. त्यानं कधी लावायला दिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. माणसाचं पोट दुखायला लागलं की असा हिशेब नेमका विसरतो.

“बुधाची,” तो म्हणाला.

“व्हय. सकाळी ठिवून गेला. येईल न्यायला.”

“येऊ द्या.”

“बस तवर.”

आता खेमाजी बसला. धनुष्य मांडीवर आडवं घेऊन, दाराकडे तोंड करून बसला.

दाराच्या चौकटीवर बाबांचं स्वतःचं जुनं धनुष्य टांगलेलं होतं. बिनदोरीचं. दोन्ही टोकं पुढं झुकलेली, म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यांसारखी. रोज सकाळी उठलं की बाबा त्याच्याखाली उभे राहून वर बघत. शिष्यांना वाटे, नमस्कार करतात. खेमाजीही बारा वर्षं येता-जाता त्याला हात जोडत आला होता. आज जोडले नव्हते.

“नेम सांग मला,” बाबा म्हणाले.

“आता?”

“आता.”

“बाबा, मी काय काल आलोय?”

“कळ मागतोस न्हवं? जो कळ घालतो त्यानं नेम सांगायचे. सांग.”

इथं सांगून ठेवतो, सागदऱ्यात ‘नेम’ म्हणजे नियमही आणि निशाणाही. दोन्हीला एकच शब्द होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

खेमाजीनं एक मोठा श्वास घेतला आणि भराभरा म्हणायला लागला.

“पान्यावर आलेल्या हरनाला मारायचं न्हाई. पोटुशीला न्हाई, पाडसावालीला न्हाई. चाळीस पावलांच्या पल्याड बान सोडायचा न्हाई. तोंडासमोरून न्हाई, ढुंगनाकडून न्हाई, कुशीतूनच, फुडच्या पायाच्या मागं चार बोटं. रानात एकच बान न्यायचा… एक हरीन, एक बान. दुसरा बान जवळ असला का पहिला निष्काळजी सुटतो.”

“हं.”

“आन् बान लागला, हरीन पळालं, तर त्याला सोडायचं न्हाई. रगत दिसंल तितवर जायचं. रगत दिसायचं थांबलं तरी जायचं. दोन दिस लागू देत. ज्याचा बान त्यानंच जायचं.”

“हं… सहा झाले.”

“झाले.”

“सातवा?”

खेमाजी हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

“सातवा काय नेम हाय, बाबा? तो शिकाऊ पोरांसाठी हाय.”

“सांग तरी.”

“ओढलेली दोरी घरी आनायची न्हाई.”

“का?”

“त्ये… धनुष्याला बरं नसतं.”

सातवा नियम असा होता. आडव्या धनुष्याची दोरी एकदा ओढून खाचेत अडकवली की ती नुसत्या हातानं परत सोडता येत नाही, बोटं जातात. बाण न लावता कळ दाबली तर धनुष्यच तडकतं. म्हणून दिवसभर हरीण मिळालं नाही, तर काय करायचं? प्रत्येकानं कमरेला एक बोथट लाकडी बाण बाळगायचा. परत येताना वेशीवर थांबायचं, तो बाण मातीत सोडायचा, दोरी सैल करायची, आणि मग घरी यायचं. त्याला माती-बाण म्हणत. लोखंडाचा बाण मातीत सोडायला मनाई होती. माती ती, तिला लोखंड कशाला.

बुधा तीन वर्षं रोज हे करत आला होता. वेशीवरच्या वारुळाशेजारी थांबायचा. धनुष्याचं तोंड खाली करायचा, कळ दाबायचा. मग वाकून माती-बाण उपटायचा, धोतराच्या सोग्यानं पुसायचा आणि कमरेला खोचायचा. चावडीवरून ते दिसायचं. खेमाजीनंच एकदा तिथं मोठ्यानं म्हटलं होतं, “आलं बघा, बुधाचं मातीचं हरीन आलं! चुली पेटवा!” लोक पोट धरून हसले होते. बुधाही हसला होता. तो हसला, हे खेमाजीला अजून खुपत होतं. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

“साती नेम पाळतोस?” बाबांनी विचारलं.

“पाळतो.”

“साती?”

“…पाळतो म्हनलो ना.”

बाबांनी बोट केलं. अंगणाच्या पलीकडे, बांधावरच्या हिरड्याला एक वाळका भोपळा टांगलेला होता. शिकाऊ लोक त्यावर हात बसवत.

“मार त्याला.”

खेमाजीला जरा अपमान वाटला. भोपळा! पण एका अर्थी बरंही वाटलं. बाबांना बघू दे. आणि बुधा येतच असेल, त्यालाही बघू दे. पाठीवरचा बाण काढून त्यानं दांड्यावर ठेवला. दोरी ओढायला लागली नाही, ती ओढलेलीच होती. तो उठला, गुडघा टेकला, दांडा खांद्याला लावला. भोपळ्याच्या मधोमध धरलं आणि कळ दाबली.

बाण गेला. सरळ गेला.

आणि भोपळ्याच्या हातभर खालून, बांधाच्या दगडावर टण्णकन आपटला.

बाबांच्या कोंबड्या फडफडत पळाल्या.

“वारा व्हता,” खेमाजी म्हणाला.

हिरड्याचं पान हलत नव्हतं.

“बान वाकडा असंल.”

“असंल.”

“मी… आज जेवलो न्हाई सकाळी.”

“असंल.”

“बाबा, लाकूडच खोटं दिलंय मला! बुधाला चांगलं दिलं आन् मला—”

“दोनी एकाच खोडाची हायत,” बाबा म्हणाले. “एकाच धामनीची. तूच फाडलीस. आधी तुझं घडवलंस, उरलेल्यात त्याचं. इसरलास?”

खेमाजी बांधाकडे गेला. बाणाचा फाळ दगडावर दुमडला होता, दांडी चिरली होती. तो ते तुकडे हातात घेऊन परत आला आणि बाबांपुढं बसला. त्यानं तुकडे खाली ठेवले, धनुष्याचा दांडा पायाशी टेकवला, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढून खाचेत अडकवली.

खट्.

बाबा बघत होते.

“आता कशाला ओढलीस?”

“आं?”

“दोरी. आता कशाला ओढलीस?”

खेमाजीनं आपल्या हातांकडे पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. हातांनी आपलं आपण काम करून टाकलं होतं.

“सवं हाय,” तो म्हणाला.

“हितं हरीन हाय?”

“न्हाई.”

“तुज्याकडं बान हाय?”

“न्हाई… मोडला.”

“मंग कुनासाठी ओढलीस?”

…

खाली टेकडीच्या वाटेवर कुणीतरी येत होतं. शेळ्यांना हाक मारावी तशी बारीक शीळ घालत येत होतं. ती शीळ खेमाजीला ओळखीची होती. ती कानावर पडताच त्याची बोटं धनुष्याच्या मुठीवर घट्ट झाली. बाबांनी ते पाहिलं. आणि बाबांनी पाहिलं, हे खेमाजीनंही पाहिलं.

“खेमा,” बाबा हळू आवाजात म्हणाले. बारा वर्षांपूर्वी ते त्याला या नावानं हाक मारत. “ह्ये धनुष्य रातचं कुठं असतं?”

“उशाला.”

“दोरी?”

खेमाजीनं नखानं दांडा खरवडला.

“दोरी, खेमा?”

“…ओढलेली.”

“कवापासनं?”

“शिमग्यापासनं.”

आणि मग ते एकदम बाहेर पडलं. अडवता अडवेना.

“शिमग्याला त्यानं ते मोठं चितळ आनलं, बाबा. समदी वस्ती नाचली. माज्या आईनं त्याला ववाळलं! माज्या आईनं! म्हनली, कसा गुनाचा हाय, हातपाय धुतल्याबिगार आत येत न्हाई. मी काय चिखलाचा येतो व्हय? त्या दिसापासनं मला झोप न्हाई. मला वाटायचं, हा पहाटं माज्या आधी उठंल. माज्या आधी माळावर जाईल. दोरी ओढायला येळ लागतो, आन् ती वाजती. त्याला कळंल मी उठलो. म्हून मी सांजच्यालाच ओढून ठिवायचो. उठलं का सुटलं. तरीबी तो कवा कवा माज्या आधी असायचा. घाई न्हाई, काय न्हाई. झाडाला टेकून उभा. मला बघून म्हनायचा, ‘ये दादा, बस.’ …बाबा, मला त्याचं त्ये ‘ये दादा’ सोसत न्हाई. त्याचं काय चुकत न्हाई, त्येच सोसत न्हाई.”

बाबांनी त्याच्या कमरेकडे पाहिलं.

“आन् माती-बान?”

“फेकला. वझं नुस्तं.”

बाबांनी कनवटीला हात घातला. एक लहानशी पुरचुंडी काढली, सोडली आणि त्यातली वस्तू दगडावर ठेवली. लोखंडी फाळ होता. घासून पुसून लख्ख केलेला. बुडाशी कानशीनं काढलेल्या दोन आडव्या रेघा होत्या. ती खूण खेमाजीची होती.

खेमाजीनं रेघांवर बोट टेकवलं.

“ह्यो कुठं…”

“दहा दिस झाले. चितळाची मादी व्हती. फुडच्या पायात व्हता. आपला नेम कुशीचा, आन् ह्यो पायात कसा?”

“मी… कुशीतच धरलं व्हतं, बाबा. तुमची आन. कुशीतच धरलं व्हतं.”

“ठावं हाय मला. धरलंस कुशीत. पर गेला खाली. आज भोपळ्याच्या खाली गेला तसा.”

खेमाजीनं भोपळ्याकडे पाहिलं, मग धनुष्याकडे.

“तिच्या मागं गेलास?”

“गेलो. वढ्यापतूर गेलो. रगत दिसत व्हतं.”

“मंग?”

“मंग…”

“बोल.”

“वढ्यापाशी मला बुधाची शीळ ऐकू आली, वरच्या अंगानं. मला वाटलं, ह्याला काय घावलं का? म्हून मी… ह्याला काय घावलं त्ये बघाया गेलो.”

“काय घावलं व्हतं?”

“काय न्हाई. मोकळाच व्हता.”

“आन् ती?”

खेमाजीनं मान खाली घातली. त्याला ती मादी आता दिसत होती. ओढ्याच्या पलीकडे, एक पाय ओढत करवंदीच्या जाळीत शिरणारी. त्या दिवशी दिसली नव्हती असं नाही. पण त्या दिवशी त्याला दुसरंच काही बघायचं होतं.

“बुधा दीड दिस तिच्या मागं व्हता,” बाबा म्हणाले. “त्याला वढ्यापाशी रगत दिसलं. त्यानं माग काढला. घावली तवा जित्ती व्हती. त्यानं मारून सोडवली तिला. मंग फाळ काडून मला आनून दिला.”

खेमाजीचा चेहरा कसनुसा झाला. पण आतली कळ इतक्यात बसणारी नव्हती. ती पुन्हा उसळलीच.

“म्हंजी चुगली केली त्यानं! म्हून कळ त्याला व्हय? माझं नाव सांगून—”

“त्यानं नाव घेतलं न्हाई.”

“मंग काय म्हनला?”

“म्हनला, ‘बाबा, ज्याचा आसंल त्याला द्या. फाळ चांगला हाय, वाया जाऊ ने.’”

…

खेमाजीला वाटलं, कुणी तरी खाडकन मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

कोंबड्या परत आल्या आणि फाळाभोवती टोचे मारू लागल्या. बाबांनी त्यांना हाकललं नाही.

“मोकळी कर,” बाबा म्हणाले.

“काय?”

“दोरी. मोकळी कर.”

खेमाजीनं पाठीवर हात नेला. बाण नव्हता. कमरेला हात नेला. तिथं माती-बाण असायचा, शिमग्यापासून नव्हता. त्यानं मोडक्या बाणाचे तुकडे चाचपले. दांडी टोकापर्यंत चिरलेली, ती दोरीचा एक झटकाही सोसणार नव्हती. दोरी ताणलेली, धनुष्य वाकलेलं. त्याला ना ते सोडता येत होतं, ना घेऊन घरी जाता येत होतं.

“बाबा, तुमचा माती-बान…”

“मी रानात जात न्हाई. माज्याकडं कुठला?”

“मंग?”

बाबांनी वाटेकडे पाहिलं.

शीळ थांबली होती. बुधा अंगणात आला. घामेजलेला, खांद्यावर घोंगडी. त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग खेमाजीला पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“कवा आलास, दादा?”

खेमाजी बुधाच्या कमरेकडे बघत होता. तिथं माती-बाण खोचलेला होता. तीन वर्षांच्या मातीनं काळा-तांबडा झालेला.

मागायचं म्हणजे एवढंच म्हणायचं होतं: तुझा माती-बाण दे. तीन शब्द. चाळीस पावलांवरची कूस बारा वर्षांत त्याला कधी इतकी लांब वाटली नव्हती. बुधाला तर काय चाललंय ते कळतच नव्हतं.

“बुधा,” खेमाजी म्हणाला. “तुझा… माती-बान दे रं मला.”

बुधानं ओढलेली दोरी पाहिली. दगडावरचा फाळ पाहिला. काही विचारलं नाही. कमरेचा बाण काढला, सवयीनं सोग्याला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

खेमाजीनं तो लावला. धनुष्याचं तोंड खाली केलं. अंगणाच्या कडेला जिथं माती मऊ होती तिथं धरलं आणि कळ दाबली.

फट्.

बाण वीतभर मातीत गेला आणि उभा राहिला.

खेमाजी तसाच उभा होता, हात खाली सोडून. चार महिने मानेत धरलेला एक ताठा सुटला तशी त्याची मान पुढं आली. बुधा पुढं होऊन बाण उपटायला वाकला.

“ऱ्हाऊ दे,” खेमाजी म्हणाला. “मी काडतो.”

त्यानं गुडघे टेकून बाण उपटला. स्वतःच्या धोतरानं पुसला, सगळी माती जाईपर्यंत पुसला आणि बुधाच्या हातात दिला. त्याच्या तोंडाकडे मात्र त्याला अजून बघवत नव्हतं.

“कळीचं ठरलंय ते ठरू द्या, बाबा,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “त्ये बराबर हाय.”

“दोरी उतरव,” बाबा म्हणाले.

खेमाजीनं धनुष्याच्या टोकावरून दोरी उतरवली. धनुष्य दांड्यातून काढलं. बाबांनी सपाट दगडावर बुधाच्या धनुष्याशेजारी जागा दाखवली. त्यानं तिथं ठेवलं.

एकाच खोडाची दोन धनुष्यं. बुधाचं दगडाला चिकटून सरळ पडलं होतं, मधल्या फटीत बोट गेलं नसतं. खेमाजीचं दोरी काढल्यावरही वाकलेलंच राहिलं. कुणीतरी अजून ओढून धरल्यासारखं. त्यानं मध्ये हात घालून पाहिलं. आख्खी मूठ आत गेली.

त्यानं ते दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. सोडलं की पुन्हा तसंच.

मग तो रडला. मोठा गडी, बांधा असा, आणि दगडापाशी बसून लहान पोरासारखा रडला. बुधानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

थोड्या वेळानं तोंड पुसून त्यानं विचारलं, “बाबा… ह्ये परत सरळ हुईल का?”

बाबांनी दाराकडे पाहिलं. चौकटीवरच्या त्या बिनदोरीच्या, पुढं झुकलेल्या धनुष्याकडे.

“त्याची ओढलेली दोरी मी अंतोबा गेला त्या दिशी उतरवली,” ते म्हणाले. “तीस वर्सं झाली… रोज सकाळी बघतो.”